टर्नबकल पुन्हा पुन्हा सैल का होतात? पिकअपमधला पॉप-अप कॅम्पर आणि कच्चे रस्ते

तक्रार थोड्याफार फरकाने अशीच असते. निघताना कॅम्परला ट्रकशी बांधणारे चारही टर्नबकल, म्हणजे ताण देणारे स्क्रू, घट्ट केले होते. डांबरी रस्त्यावर दोनशे मैल काही झालं नाही. मग वीस मैल कच्चा रस्ता लागला. उतरून पाहिलं तर एक टर्नबकल लोंबकळतोय, दुसरा हाताने फिरतोय आणि कॅम्पर ट्रकच्या हौद्यात बोटभर डावीकडे सरकलाय. पुन्हा आवळले, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. आणि मग प्रश्न येतो: याहून जाड टर्नबकल घेऊ का?

बहुतेकदा नको. टर्नबकल ज्या कारणाने सैल होतो ते कारण सहसा टर्नबकलमध्ये नसतंच. ते टायरच्या हवेत असतं, हौद्याच्या तळाशी असतं, आणि सगळ्यात जास्त वेळा वजनकाट्यावर असतं. जाड टर्नबकल लावला की तो टिकतो आणि त्याच्याऐवजी आय-बोल्ट (डोक्याला गोल कडी असलेला बोल्ट) उपटतो किंवा कॅम्परच्या चौकटीचा वेल्ड तडकतो. ती दुरुस्ती टर्नबकलच्या कित्येक पट महाग पडते.

ज्यांनी हा प्रकार पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. पॉप-अप कॅम्पर म्हणजे पिकअपच्या मागच्या हौद्यात, म्हणजे बेडमध्ये बसवायची खोली. मुक्कामाला छप्पर वर उचलायचं, कापडी भिंती उलगडतात. निघताना खाली दाबून खटके लावायचे. बेडच्या चार कोपऱ्यांत आय-बोल्ट असतात आणि कॅम्परच्या तळाशी चार कड्या. दोघांना जोडणारा ताण देणारा स्क्रू म्हणजे टर्नबकल. त्याच्या एका टोकाला सुलटे आटे असतात, दुसऱ्या टोकाला उलटे. मधला भाग फिरवला की दोन्ही टोकं एकाच वेळी आत ओढली जातात. सोय इथेच आहे आणि गोमही इथेच: धक्क्यांनी मधला भाग उलटा फिरू लागला की दोन्ही टोकं एकाच वेळी सुटायला लागतात.

आता रस्ता. अमेरिकेच्या नैर्ऋत्येला, म्हणजे युटा, नेवाडा, ॲरिझोना आणि पूर्व कॅलिफोर्नियात, कच्च्या रस्त्याचा खरा त्रास खडकांचा नसतो, वॉशबोर्डचा असतो. सुक्या मातीवर आडव्या लाटा उठतात, पन्हळी पत्रा अंथरल्यासारख्या. युटात एस्कलांटेजवळचा होल-इन-द-रॉक रोड यासाठी बदनाम आहे. डेथ व्हॅलीत यूबीहीबी क्रेटरपासून रेसट्रॅक नावाच्या कोरड्या तळ्याकडे जाणारा सव्वीस-सत्तावीस मैलांचा रस्ताही तसाच, आणि तिथे वर टोकदार खडी.

या लाटांमधलं अंतर साधारण अर्धा ते एक मीटर असतं. पाऊण मीटर धरा. ताशी २५ मैल म्हणजे सेकंदाला सुमारे ११ मीटर, म्हणजे प्रत्येक चाकाला सेकंदाला १५ धक्के. तासाभरात चोपन्न हजार. त्यात भर म्हणजे चाक आणि ॲक्सल यांची स्वतःची उड्या मारायची लयही साधारण सेकंदाला १० ते १५ एवढीच असते. दोन्ही लयी जुळल्या की मागचं ॲक्सल अक्षरशः नाचतं, आणि त्यावर हजार-दीड हजार पौंडांची खोली बसलेली असते. अशा रस्त्यावर कुठलाही साधा नट आपण होऊन घट्ट राहील ही अपेक्षाच चुकीची आहे.

आधी खुणा करा, पाना नंतर

दुरुस्ती सुरू करण्याआधी नक्की काय हललं ते कळलं पाहिजे. त्यासाठी एक रंगाचा मार्कर आणि मास्किंग टेप पुरते.

टर्नबकल नेहमीसारखे आवळा. मग प्रत्येकाच्या मधल्या भागावरून दोन्ही टोकांच्या दांड्यांवर जाईल अशी एक सरळ रेघ ओढा. आय-बोल्टच्या नटावर आणि त्याखालच्या वायसरवरही तशीच रेघ. कॅम्परच्या पुढच्या दोन्ही खालच्या कोपऱ्यांपाशी बेडवर टेप चिकटवून कॅम्परची कड आखून घ्या. मागच्या बाजूलाही तसंच. मग नेहमीच्या वेगाने दहाएक मैल कच्च्या रस्त्यावर जा, थांबा आणि काहीही न आवळता फक्त बघा.

टर्नबकलवरची रेघ तुटली, पण टेपवरची कड जिथल्या तिथे आहे: मधला भाग धक्क्यांनी फिरलाय. हा सगळ्यात सोपा प्रकार. दोन्ही टोकांना लॉकनट, म्हणजे मधल्या भागाला टेकवून आवळायचे जादा नट, हवेत. त्यातला एक उलट्या आट्यांचा असतो, हे दुकानात आठवणीने सांगा, नाहीतर दोन्ही सुलटे घेऊन परत याल. लॉकनट लावायची सोय नसेल तर मधल्या भागाच्या खिडकीतून तार ओवून ती कडीला बांधा, म्हणजे तो फिरूच शकणार नाही. घाईत जाड केबल टायसुद्धा चालतो, फक्त रोज बघावा लागतो.

रेघ शाबूत, पण टेपवरची कड सरकली: कॅम्पर घसरतोय. एका बाजूचे टर्नबकल सैल आणि समोरच्या बाजूचे तारेसारखे ताठ, अशी जोडी दिसली की हेच समजा. इथे आवळण्याने काहीच साधत नाही. बेडमध्ये प्लास्टिकचा बसवलेला लायनर, म्हणजे अस्तर, असेल तर तो पहिल्यांदा बाहेर काढा. त्याच्यावर कॅम्पर साबणावर ठेवल्यासारखाच राहतो आणि कितीही ओढला तरी हलतो. फवारलेला लायनर बरा, पण त्याच्यावरही जाड रबरी मॅट हवीच. बेडच्या पुढच्या भिंतीत आणि कॅम्परमध्ये फट असेल तर तिथे मापाची लाकडी पट्टी अडकवा. चाकांच्या उंचवट्यांपाशी दोन्ही बाजूंना लाकडी ठोकळे बसवले की डावी-उजवीकडची हालचाल थांबते. मग टर्नबकलांच्या ओढीची दिशा बघा. चारही अगदी उभे असतील तर ते कॅम्परला खाली दाबतात, पण पुढे-मागे जाण्यापासून रोखत नाहीत. पुढच्यांची ओढ थोडी पुढे आणि मागच्यांची थोडी मागे, अशी तिरकी हवी.

दोन्ही खुणा शाबूत, तरीही सैल: हा प्रकार लोकांना कळतच नाही आणि सगळ्यात धोक्याचा हाच आहे. आटे फिरले नाहीत, कॅम्पर सरकला नाही, मग ताण गेला कुठे? खाली. नवी मॅट किंवा नवं लाकूड असेल तर पहिल्या दिवसात ते दबतं. ते साहजिक आहे, एकदा आवळून भागतं. मॅट जुनी असूनही असं होत असेल तर ट्रकखाली झोपून आय-बोल्टची खालची बाजू बघा. नुसत्या वायसरवर आवळलेला बोल्ट बेडचा पत्रा हळूहळू वर ओढतो, त्याला वाटीसारखा आकार येतो. टोयोटा टॅकोमाचा बेड २००५पासून कंपोझिटचा आहे, फोर्ड एफ-१५०चा २०१५च्या मॉडेलपासून ॲल्युमिनियमचा. दोन्ही चांगले आहेत, पण एका बिंदूवरची ओढ सहन करण्यासाठी नाहीत. खालून हाताच्या पंजाएवढी जाड धातूची पट्टी हवी, आणि जमेल तिथे ती बेडखालच्या आडव्या तुळईला धरून. याहून पक्की सोय म्हणजे थेट चेसिसला जोडलेले टाय-डाउन, म्हणजे कॅम्पर बांधायचे आधार. टॉर्कलिफ्टसारख्या कंपन्या ट्रकच्या मॉडेलप्रमाणे ते बनवतात. लहान पॉप-अपला प्रत्येक वेळी त्यांची गरज नसते, पण तुमचा कॅम्पर बेडच्या बाहेरून बांधायचा असेल तर दुसरा विचारच करू नका.

बोल्टच्या नटावरची रेघ तुटलेली दिसली तर नायलॉनची कडी असलेला नट घाला. तेवढंच काम आहे.

टर्नबकल बदलायचाच असेल तर जाडी बघण्याआधी टोकं बघा. अर्धा इंची चांगल्या प्रतीच्या टर्नबकलला दोन्ही टोकांना बंद डोळा किंवा पिनने बंद होणारा जबडा असेल तर कामाची मर्यादा २,२०० पौंड धरतात. तोच हुकचा असेल तर १,५००. हुक धक्क्यात उघडतो आणि सैल झाला की उडी मारून बाहेर येतो. स्प्रिंग असलेले टर्नबकल येतात, तेही चांगले. चेसिस आणि बेड वेगवेगळे पिळवटतात तेव्हा स्प्रिंग ती हालचाल खाते. पण ते मुळात चेसिसवरून बांधलेल्या कॅम्परसाठी आहेत.

आणि किती आवळायचं? हाताने घट्ट होईल तितकं, मग पान्याने अर्धा-पाऊण फेरा. तुमच्या कॅम्परच्या पुस्तिकेत वेगळं लिहिलं असेल तर तेच खरं. लांब पाना लावून अंगाचा जोर टाकणारी मंडळी असतात. त्यांच्या कॅम्परच्या तळाच्या कडीपाशी केसाएवढी चीर शोधा, बऱ्याचदा सापडते.

टायर: फुकटातला उपाय

वरचं सगळं करूनही आठवड्यात पुन्हा तक्रार येत असेल तर टर्नबकलपर्यंत पोहोचणारे धक्केच कमी करायला हवेत. त्यातला बराचसा भाग टायरच्या हवेत मिटतो आणि त्याला पैसे लागत नाहीत.

कॅम्परचं वजन पेलायला मागच्या टायरमध्ये हवा जास्त भरलेली असते. समजा ४५ पीएसआय. डांबरी रस्त्याला ते बरोबर आहे. त्याच हवेवर वॉशबोर्डवर गेलात तर टायर दगडासारखा वागतो. कच्चा रस्ता लागला की हवा पाव ते एक तृतीयांश कमी करा, म्हणजे ४५ वरून ३०-३४. पुढच्या टायरवर कॅम्परचं वजन कमी येतं, त्याचा हिशोब वेगळा. मूळ आकडा दाराच्या स्टिकरवरून नव्हे, टायरच्या भार-तक्त्यावरून काढा, कारण लोक नंतर जाड एलटी (लाइट ट्रक) टायर घालतात आणि स्टिकर कारखान्यातल्या टायरचा असतो. हवा कमी केली की वेगही कमी: ताशी २५ मैलांच्या आसपास. कमी हवा आणि जास्त वेग एकत्र आले की टायर तापून फाटतो. डांबरी लागण्याआधी पुन्हा भरायची, म्हणून कॉम्प्रेसर हा चैनीत मोडत नाही.

रेसट्रॅकच्या रस्त्यावर मात्र हात आखडता घ्या. हवा फार उतरवली की टायरची बाजू फुगते आणि तिथली टोकदार खडी नेमकी बाजूच फाडते. त्या रस्त्यावर मोबाइलला रेंज नसते आणि टो ट्रकचं बिल ऐकून घाम फुटतो.

"जोरात हाणलं की गाडी लाटांवरून तरंगत जाते" हा सल्ला प्रत्येक पेट्रोल पंपावर मिळतो. रिकाम्या ट्रकसाठी त्यात थोडं तथ्य आहे. चाक लाटेच्या तळाशी पोहोचायच्या आत पुढच्या लाटेवर असतं. पण तरंगणारं चाक ब्रेकही लागू देत नाही आणि वळूही देत नाही. पाठीवर उंच कॅम्पर असताना वळणावर ते करायचं नसतं. उलट वेग कमी-जास्त करून पाहा. १५ ते २५ मैलांच्या मध्ये कुठेतरी असा एक वेग सापडतो जिथे खडखड एकदम उतरते. प्रत्येक रस्त्यावर तो वेगळा असतो, आणि मजा म्हणजे तो सापडल्यावर मागची मंडळी लगेच गप्प होतात.

काट्यावर जा

आता जिथे कोणालाच जायचं नसतं तिथे जाऊ. चालकाच्या दाराच्या चौकटीवर एक स्टिकर असतं. माणसं आणि सामान मिळून किती वजन चालेल ते त्यावर लिहिलेलं असतं. माणसांमध्ये चालकही आला.

मध्यम आकाराच्या, चार दरवाजांच्या पिकअपवर हा आकडा बऱ्याचदा १,१०० पौंडांच्या आसपास असतो. आता समोरची बाजू मांडा. जाहिरातीत "कोरडं वजन १,००० पौंड" (म्हणजे पाणी आणि सामानाशिवाय) लिहिलेल्या कॅम्परमध्ये हीटर, पंखा, बाजूचं उलगडणारं कापडी छत घातलं की तो १,२०० होतो. पाण्याची टाकी २० गॅलनची, गॅलनला ८.३४ पौंड, म्हणजे १६७. नवरा-बायको ३००. बॅटरी आणि गॅसचं सिलिंडर १००. शिधा, भांडी, कपडे, खुर्च्या १५०. बेरीज १,९१७. अजून अवजारं, जादा पेट्रोल आणि कुत्रा यायचाय.

मर्यादेच्या आठशे पौंड वर असलेला ट्रक वॉशबोर्डवर सतत बंप-स्टॉपवर, म्हणजे स्प्रिंग पूर्ण दबल्यावर ॲक्सल ज्यावर टेकतं त्या रबरी ठोकळ्यावर, आपटत असतो. स्प्रिंगला हालचालीला जागाच उरत नाही, त्यामुळे प्रत्येक लाट थेट चेसिसला, तिथून बेडला आणि तिथून टर्नबकलला. अशा ट्रकवर कुठलाही लॉकनट टिकणार नाही.

म्हणून पाणी, सामान आणि माणसांसकट ट्रक स्टॉपवरच्या कॅट स्केलवर, म्हणजे ट्रकच्या वजनकाट्यावर, जा. तिथे पुढच्या आणि मागच्या ॲक्सलचं वजन वेगळं मिळतं. मागच्या ॲक्सलचा आकडा दारावरच्या मर्यादेशी ताडून बघा. एकूण वजन मर्यादेत असूनही मागचं ॲक्सल जास्त भरलेलं असणं हे फार सर्रास दिसतं. जड वस्तू पुढे, केबिनच्या भिंतीला लागून आणि खाली ठेवा. पाणी मुक्कामाजवळ भरायची सोय असेल तर टाकी अर्धीच भरा. वाटेत कॅम्पर उतरवायचा नसेल तर चारही कोपऱ्यांचे जॅक घरी काढून ठेवा. वजन वाचतं आणि अरुंद घळीत ते खडकाला घासत नाहीत.

इथे एअरबॅगचा, म्हणजे मागच्या स्प्रिंगला जोड म्हणून लावायच्या हवेच्या पिशव्यांचा, विषय निघतोच. मागे ट्रक बसलाय, एअरबॅग घातल्या, ट्रक सरळ दिसायला लागला, प्रश्न मिटला! नाही मिटला. एअरबॅग ट्रकची उंची सावरतात, दारावरचा आकडा वाढवत नाहीत. ॲक्सल, ब्रेक, चाकाचे बेअरिंग तेच राहतात. शिवाय पाट्यांची स्प्रिंग भार चेसिसवर दोन ठिकाणी सोडते, एअरबॅग मधेच एका बिंदूवर. लांब केबिन, आखूड बेड आणि मागे लटकणारा भार असलेल्या ट्रकची चेसिस खाचखळग्यांत त्याच जागी वाकू शकते. कच्च्या रस्त्यासाठी खर्च करायचाच असेल तर नेहमीच्या भाराला बेतलेले पाटे बनवून घ्या आणि त्याच्याबरोबर शॉक ॲब्सॉर्बर बदला.

शॉकबद्दल दोन वाक्यं जास्त. वॉशबोर्डवर ते इतके वेगाने वर-खाली होतात की आतलं तेल तापून फेसाळतं आणि मग शॉक असून नसल्यासारखा होतो. अर्ध्या तासाने ट्रक अचानक जास्त उडायला लागला तर थांबून शॉकजवळ हात न्या, पण टेकवू नका, भाजेल. पंधरा-वीस मिनिटं थांबा. चहा करून घ्या.

त्याच धक्क्यांची बाकीची पोरं

टर्नबकल सैल होतात तेव्हा बरोबरीने आणखी काही गोष्टी बिघडतात आणि लोक त्यांना वेगळे आजार समजतात.

कॅम्परची बॅटरी ट्रककडून चार्ज होत नाही, आणि तेही कधी होते, कधी नाही? कॅम्पर सरकताना बेडच्या पुढच्या भिंतीजवळचा प्लग ओढला जातो. वायरीला ढिलाई ठेवा, पत्र्यातून जाते तिथे रबरी कडी घाला आणि ट्रकच्या बॅटरीपाशी फ्यूज आहे ना ते बघा. घासून उघडी पडलेली वायर फ्यूजशिवाय म्हणजे आगीला निमंत्रण.

छपराचे खटके: ते स्वतःहून उघडलेले सापडतात. प्रत्येकाला पिन किंवा छोटं कुलूप लावा. गादीवर उशा-पांघरुणांचा ढीग ठेवून छप्पर दाबून बंद केलं तर खटक्यांवर सतत वरच्या दिशेने जोर राहतो आणि कापडही घासतं.

धूळ हा विषय मोठा आहे. चालत्या ट्रकच्या मागे हवेचा दाब कमी होतो, तिथे उडालेली धूळ मागच्या दाराच्या फटींतून आत खेचली जाते. मसाल्याच्या डब्यात, पोह्यांत, सगळीकडे लाल माती. फटींना फोमची पट्टी लावा, टर्नबकलपर्यंत हात घालायच्या छोट्या झडपांनाही. अंधारात आत दिवा लावून बाहेरून बघितलं की कुठून उजेड गळतो ते दिसतं, धूळ तिथूनच येते. छपराचा झरोका पुढच्या बाजूने किंचित उघडा ठेवला तर आत दाब तयार होतो आणि मागून धूळ कमी येते. झाकण वाऱ्याच्या तोंडी मजबूत असेल तरच हे करा. मात्र गॅस सिलिंडरच्या कप्प्याला खाली जे भोक असतं ते धूळ येते म्हणून कधीही बुजवू नका. प्रोपेन हवेपेक्षा जड असतो, गळला तर त्याला बाहेर जायची वाट तेवढीच. गाडी चालताना सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद, आणि कच्च्या रस्त्याच्या दिवसानंतर जोडांवर साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघायचे.

तरीही सैल होत असेल तर

हवा उतरवली, मॅट घातली, खालच्या पट्ट्या बसवल्या, लॉकनट लावले, वजन मर्यादेत आहे, आणि तरीही एकच कोपरा सैल होतोय. नेहमी तोच. मग टर्नबकल सोडून त्या कोपऱ्याची कॅम्परची चौकट उघडी करून बघा. ॲल्युमिनियमच्या चौकटीत कडीजवळचा वेल्ड तडकलेला असतो किंवा प्लायवूडचा तळ पाणी पिऊन मऊ पडलेला असतो. स्क्रूड्रायव्हरचं टोक सहज आत गेलं तर तळ गेला. तडा बोटाला लागत नाही, म्हणून सांध्यावर खडू घासून पुसा. चिरेत पांढरी रेघ उरते.

तडा सापडला तर त्या कोपऱ्याचा टर्नबकल आणखी आवळू नका. रॅचेटचे दोन पट्टे कॅम्परच्या खालच्या कडेवरून बेडच्या कड्यांना फुलीसारखे बांधा, पाणी सांडून टाकी रिकामी करा (पिण्यापुरतं ठेवा), टायरची हवा आणखी थोडी उतरवा आणि ताशी दहा मैलांनी जवळच्या डांबरीकडे निघा. वेल्ड करणाऱ्याकडे जाताना तडा बुजवून मागू नका. कडीच्या दोन्ही बाजूंना पसरेल अशी जोडपट्टी घालून मागा, नाहीतर नवा तडा जुन्याच्या शेजारी दोन इंचांवर निघेल.